गुजरीतल्या बायांची संमती

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण आठवलं की आजही पाठ आपोआप ताठ होते असं प्रकरण एकच. त्यात कुणाचं रक्त सांडलं नव्हतं की कुणाचं घर फुटलं नव्हतं. ते सुरू झालं एका वेबसाइटवरून.

निवृत्तीला तेव्हा दोनेक वर्षं उरली होती. अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही नाही. त्यातली बरीच आजही रोज एकमेकांच्या समोरून जातात.

सकाळची हजेरी आटोपून मी बसलो होतो, तोच नगरपरिषदेचे एक अधिकारी अर्ज घेऊन आले. सोबत स्थानिक नेत्याचे दोन कार्यकर्ते. अर्ज टाइप केलेला, दोन पानी. नगरपरिषदेच्या वेबसाइटवरून नागरिकांची गोपनीय माहिती चोरीला गेली, अमुक बाईने ती स्वतःच्या साइटवर टाकून नगरपरिषदेची बदनामी केली, तरी तिला तात्काळ अटक करून तिचे संगणक जप्त करावेत, असा मजकूर होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमंही खाली व्यवस्थित लिहून आणली होती. माझा अनुभव असा, की ज्याचं खरंच काही चोरीला गेलं तो माणूस काय गेलं ते सांगतो. कलमं सांगत नाही.

"आजच व्हायला पाहिजे साहेब," अधिकारी म्हणाले.

तक्रारदाराला घाई असली की मी कागद हळू वाचतो. अर्ज चौकशीवर घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि त्यांना पोच दिली. अटक सोडाच, पोचपावती पाहूनच कार्यकर्त्यांची तोंडं उतरली.

आता थोडं मागचं सांगतो. आमच्या वऱ्हाडात भाजीबाजाराला गुजरी म्हणतात. या गावची गुजरी बसस्थानकाच्या मागे, तीन पिढ्यांपासून तिथेच. आसपासच्या मळ्यांतल्या बाया सकाळी एसटीने नाहीतर ऑटोने वांगी, मेथी, पेरू, झेंडू घेऊन येत आणि दुपारपर्यंत विकून परत जात. त्या जागेवर दुमजली व्यापारी संकुल बांधायचं आणि गुजरी बायपासपलीकडच्या उघड्या मैदानात न्यायची असं घाटत होतं. तिथे ना एसटी थांबत होती, ना पाण्याची सोय होती. नियमाप्रमाणे लोकांच्या हरकती मागवायला हव्या होत्या. त्यासाठी नगरपरिषदेने वेबसाइटवर एक नवं पान उघडलं. नाव टाका, मोबाइल नंबर टाका, मोबाइलवर आलेला आकडा भरा आणि 'सहमत' किंवा 'असहमत' दाबा. महिनाभराने जाहीर झालं की जवळजवळ सगळे सहमत आहेत, आणि सहमती देणाऱ्यांत गुजरीतल्या विक्रेत्याच जास्त आहेत. वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली, 'डिजिटल लोकशाहीचा आदर्श' म्हणून.

आणि चारच दिवसांत ती सहमतीची यादी एका बाईच्या साइटवर झळकली. वर एकच ओळ होती : 'यातल्या कोणी खरंच संमती दिली असेल, तर तिने येऊन सांगावं.'

ही बाई पस्तिशीची. माहेर बाळापूरचं, सासर याच गावचं. तहसील कार्यालयासमोर तिचं ऑनलाइन अर्जांचं छोटं केंद्र होतं. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म हे तिचं रोजचं काम. पण तिने एक जास्तीचं काम अंगावर घेतलं होतं. नगरपरिषदेच्या सभेत कोणता ठराव आला, कोण हजर होतं, कोण उठून गेलं, कोणी हात वर केला, हे सगळं ती स्वतःच्या साइटवर टाकत असे. गावात त्याला 'ठरावाचं पान' म्हणत. त्या पानामुळे दोन-तीन नगरसेवकांना सभेला येण्याची सवय लागली होती, आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं.

बाईमाणसाला उठसूट ठाण्यात बोलावू नये, तिच्या ठिकाणी जाऊन विचारपूस करावी, हा कायदाही आहे आणि शहाणपणही. महिला शिपाई आणि माझा लेखनिक हवालदार यांना घेऊन मी तिच्या केंद्रावर गेलो. गाडी थांबताच बाहेर गर्दी जमली. ती उठली नाही. समोरच्या म्हाताऱ्याचा दाखला पूर्ण केला, प्रिंट काढून त्याच्या हातात दिली आणि मग माझ्याकडे वळली.

"बसा साहेब. मले न्याले आले का इच्यारून राहिले?"

"विचारायला आलो. यादी कुठून चोरली?"

"चोरी कायची? नगरपरिषदेच्या पानावर खाली 'अहवाल पाहा' म्हणून बटण हाय. तुमीच दाबून पाहा."

मी तिच्या संगणकावर बटण दाबलं. पूर्ण यादी उघडली. नावं, पत्ते, मोबाइल नंबर, सगळं उघड्यावर. गोपनीय माहितीची चोरी झाली म्हणून अर्ज देणाऱ्यांनी स्वतःचं पान उघडूनही पाहिलं नव्हतं.

"आन् मी टाकली त्या यादीत मोबाइलचे मधले आकडे झाकले," ती म्हणाली. "त्यायनं तं तेवढंबी केलं नाही."

मी तिथल्या तिथे दोन पंच बोलावले. पान उघडताना चित्रीकरण केलं, यादीची प्रिंट काढली, पंचांच्या सह्या घेतल्या. उद्यावर टाकलं असतं तर हातात काही राहिलं नसतं, कारण संध्याकाळच्या आत ते बटण नगरपरिषदेच्या पानावरून गायब झालं.

पंचनामा चालू असताना मी तिला विचारलं, "हा उद्योग कशाला करता? सरकारची एवढी पोर्टलं आहेत. तिथे तक्रार करायची."

ती हसली. एकेक पान उघडून दाखवू लागली. "हे तक्रार निवारणाचं. इथं टाकलं की तीन हप्त्यानं 'निराकरण झाले' असं येते, पाह्याले कोनी येत नाही. हे माहितीच्या अधिकाराचं, हे कामाचं हाय, पन दम पाह्यजे. हे सह्या गोळा करायचं, यात पुन्या-मुंबईचे लोक आपल्या गुजरीसाठी सही करतात अन् गुजरीतल्या बाईले मालूमच नसते. अन् हे मत घ्यायचं. यात सगळ्यात जास्त चोरी." मग यादीवर बोट ठेवून म्हणाली, "यात एक गोष्ट पाहा. पूर्ण यादीत ध नाही."

"काय नाही?"

"ध अक्षर. राधाबाईची राघाबाई केली, सुधाची सुघा. आपलं नाव स्वतः टाकलं असतं तं कोनी असं लिवलं असतं का? हे सगळं एकाच मानसानं टाइप केलं."

नावं मी इथे बदलली आहेत, चूक मात्र तीच होती. ती तिने पकडली, आम्ही नाही. हे मी तेव्हाही केस डायरीत लिहिलं होतं.

ठाण्यात परतलो. हवालदार यादीची नक्कल तपासायला बसला. वीस वर्षं नोकरी झालेला, अचलपूरकडचा, अक्षर मोत्यासारखं. थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा असा, की मला वाटलं घरून काही वाईट निरोप आला.

"साहेब, ही माही सासू हाय." त्याने एका नावावर बोट ठेवलं. त्याची सासू गुजरीत झेंडू विकते, हे मला ठाऊक होतं.

"मग? तिने संमती दिली?"

"ते सांगत नाही मी. हा नंबर पाहा. हा नंबर माहा हाय."

सासूकडे मोबाइल नव्हता. कुठेही नंबर मागितला की ती जावयाचा देत असे. त्याला आठवलं, की महिन्याभरापूर्वी आम्ही बंदोबस्तात असताना सासूने शेजारणीच्या फोनवरून त्याला फोन केला होता : 'जवाई, तुमाले नंबर आला का? फेरीवाल्याचं ओळखपत्र करून राहिले, नंबर सांगा.' त्याने मेसेजमधले आकडे वाचून सांगितले आणि विसरून गेला.

"तो मेसेज आहे अजून?"

त्याने फोन काढला. जुने मेसेज पुसायची त्याला सवय नव्हती, आणि त्या आळसाचे मी आजही आभार मानतो. मेसेज इंग्रजीत होता. ओळखपत्राचा त्यात शब्दही नव्हता. गुजरीच्या स्थलांतराला संमती नोंदवण्यासाठी हा आकडा वापरा, असा सरळ अर्थ होता.

म्हणजे प्रकार असा होता. कोणीतरी टॅब घेऊन गुजरीत गेलं, ओळखपत्र काढून देतो म्हणालं, मोबाइलवर आलेले आकडे विचारून घेतले आणि बायांच्याच तोंडून त्यांना त्यांच्या जागेवरून उठवायची संमती भरून घेतली.

हवालदार खुर्चीत बसला. "मी पोलीसवाला, साहेब. अन् मीच आकडे सांगतले. साक्ष देईन तं लोक हासतील मले."

"हसतील," मी म्हणालो. "पण तुझी सासू तिथून उठणार नाही."

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. मग म्हणाला, "लिवा जबाब."

त्याच दुपारी नेत्यांचा फोन आला. आवाज गोड होता. "साहेब, एवढं ताणायचं काय कारण? बाईले सांगा, पान काढून टाक अन् दोन ओळींचा माफीनामा दे. अर्ज आम्ही वापस घेतो. नाहीतर तिच्या केंद्राच्या परवान्याचं बी पाहावं लागते."

मी निरोप्याचं काम करत नाही, असं त्यांना सांगितलं. पण परवान्याची धमकी तिच्या कानावर घालणं मला आवश्यक वाटलं. महिला शिपायासह मी पुन्हा केंद्रावर गेलो. तिचा नवराही तिथे होता. शांत माणूस, रोपवाटिका चालवायचा. परवाना गेला तर घराचा अर्धा आधार जाणार होता. त्याचं तोंड सुकलं, हे मला दिसलं. तो बायकोकडे पाहत राहिला.

"काढत नाही मी पान," ती म्हणाली. "त्यात एक अक्षर खोटं असलं तं दाखवा, आत्ता काढतो अन् चौकात माफी मागतो. खरं असलं तं माफी कायची?"

आमच्याकडच्या बायका रागात आल्या की पुरुषासारखं बोलतात. पुण्याच्या माणसाला ते उद्धट वाटेल. मला तो आवाज माझ्या आईचा वाटला.

नवरा तेव्हा एवढंच म्हणाला, "परवाना गेला तं रोपं इकू, साहेब. तुमी तुमचं काम करा."

गुजरीत जाऊन विचारलं तेव्हा टॅबवाल्या माणसाचा पत्ता लगेच लागला. नगरपरिषदेची वेबसाइट एका खासगी कंत्राटदाराकडे होती आणि हा त्याचा ऑपरेटर. चाळिशी ओलांडलेला, गळ्यात ओळखपत्र, बोलताना डोळे टेबलावर. मी त्याला बसवलं, चहा दिला. आवाज चढवला की माणूस घाबरतो, पण घाबरलेला माणूस खरं बोलतोच असं नाही. त्याला मोकळं बसू द्यावं.

"सगळं सिस्टीमनं झालं साहेब. माहा काही संबंध नाही."

"सिस्टीम टॅब घेऊन गुजरीत गेली होती?"

तो गळ्यातलं ओळखपत्र बोटांत फिरवू लागला.

"बरं, ते राहू दे. आमचा टायपिस्ट रजेवर आहे. मला साक्षीदारांची यादी करायची आहे. मी नावं सांगतो, तू टाइप कर."

तो सरसावून बसला. काम मिळालं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. मी दहा नावं सांगितली, त्यातली तीन ध ची. झाल्यावर त्या पानाची प्रिंट काढली आणि शेजारी नगरपरिषदेची यादी ठेवली. तिन्ही ठिकाणी घ होता.

"ध अन् घ शेजारशेजारच्या कळांवर असतात साहेब," तो पुटपुटला. "माहं बोट नेहमी एक घर अलीकडं पडते." आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं.

हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नव्हता. पण त्यानंतर त्याने लपवणं सोडलं. आदेश त्याला फोनवर मेसेजने आला होता, तोही अर्ज घेऊन आलेल्या त्याच अधिकाऱ्याकडून : 'ओळखपत्राचं सांगून आकडे घे, काम या हप्त्यात संपव.'

"डिलीट कर म्हनलं होतं," तो म्हणाला. "मी ठेवला."

"का ठेवला?"

"उद्या सगळं माह्यावरच येईन हे मालूम होतं."

फोन जप्त केला, पंचनामा केला. अकोल्याच्या सायबर शाखेने कंत्राटदाराकडून नोंदी मागवल्या. गुजरीतल्या सगळ्या संमत्या दोन दिवसांत, एकाच टॅबवरून भरल्या गेल्या होत्या.

आता गुन्हा नोंदवायला फसवणूक झालेलं माणूस हवं होतं. नगरपरिषदेने दरम्यान पवित्रा घेतला होता की संमती खरीच आहे, बाया आता कोणाच्या तरी सांगण्यावरून फिरल्या. एकजण जरी लेखी तक्रार द्यायला आली तरी पुरे, असा माझा हिशोब होता. एक तरी येईल का, याची शंका होती.

नोंदी हाती आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, वैशाखाच्या उन्हात रस्ता ओस पडलेला असताना, ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, बाहेर या."

गुजरी आवरून बाया थेट ठाण्यावर आल्या होत्या. रिकाम्या टोपल्या भिंतीशी उलट्या ठेवून आवारात रांग लावून उभ्या. केंद्रवाली बाई कडेला उभी होती. तिने कुणाला शिकवलं नव्हतं, फक्त आधार कार्ड सोबत आणा एवढं सांगितलं होतं. रांगेत पहिली हवालदाराची सासू.

फाटकाबाहेर नेत्यांचा एक कार्यकर्ता मोबाइलवर फोटो काढत होता. कोण कोण आलं याची नोंद ठेवणं हाच हेतू. दोघी-तिघींनी पदर पुढे ओढला. हवालदाराच्या सासूने मात्र पदर मागे सारला, चार पावलं फाटकाकडे गेली आणि म्हणाली, "नीट काढ फोटू, बापा. अन् खाली नाव बराबर टाक. ध चा घ करू नोको."

आवारात हशा पिकला. मागच्या बायांनीही पदर मागे घेतले. कार्यकर्ता निघून गेला.

मी टेबल बाहेर कडुनिंबाखाली मांडलं. जावई लिहायला बसला, सासू समोर. मी विचारलं, "मावशी, विचार करून सांगा. उद्या दबाव येईल."

"येऊ द्या. मले उठवाचं तं मले इच्यारा, मी तोंडानं नाही म्हनतो. माह्या नावानं हो म्हननारे हे कोन? लिवा साहेब, माहं नाव लिवा. पूर्न लिवा."

संध्याकाळपर्यंत जबाब चालले. ठाण्यातले कोरे कागद संपले, दुकानातून दस्ता आणावा लागला. तोवर एकही बाई रांगेतून हलली नाही.

गुन्हा दाखल झाला. बाईविरुद्धचा अर्ज तथ्यहीन म्हणून मी निकाली काढला. अधिकाऱ्याला आणि ऑपरेटरला अटक झाली. ऑनलाइन संमती रद्द करून जिल्हाधिकाऱ्यांनी उघडी सुनावणी घ्यायला लावली, तीही गुजरीतच, मंडप टाकून. तिथे प्रत्येक बाईने माइकवर आपलं नाव सांगून हरकत नोंदवली. गुजरी जागेवर राहिली. सुनावणीची सगळी नोंद त्याच दिवशी 'ठरावाच्या पानावर' चढली. बाईचा परवाना सहा महिने अडवून ठेवला गेला, पण तिने अपील करून तो मिळवला. नेत्यांपर्यंत मात्र मी पोहोचू शकलो नाही. त्यांनी कुठे लेखी काही ठेवलं नव्हतं. हे मला लपवायचं नाही.

गुन्हा नोंदवल्यापासून महिन्याभरात माझी बदली अमरावतीच्या नियंत्रण कक्षात झाली. निवृत्तीच्या तोंडावर अशी कोपऱ्यात बसवणारी बदली म्हणजे काय, ते खात्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सहकाऱ्यांनी विचारलं, "कशाला अंगावर घेतलं?" मी सामान बांधलं आणि ठरलेल्या दिवशी, इस्त्रीच्या गणवेशात हजर झालो.

आज निवृत्त झाल्यावर पुष्कळ ऐकतो. आता सगळं मोबाइलवर येणार, लोकांचं मत बटणावर कळणार. येऊ द्या, माझा विरोध नाही. पण बटण दाबणारा हात कोणाचा, हे तपासायला शेवटी माणसाला माणसाकडेच जावं लागतं. त्या पोर्टलने गुजरीला फसवलं आणि एका बाईच्या घरगुती पानाने ती फसवणूक उघडी पाडली. फरक एवढाच, की त्या पानामागची बाई आपल्या नावानिशी समोर बसलेली होती.

नोकरीभर मी एकच वाक्य हजारदा ऐकलं : 'साहेब, सांगतो सगळं, पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका.' लोकांना दोष देत नाही, नाव आलं की त्रास होतो. त्या दुपारी मात्र पहिल्यांदा माणसं उन्हात उभी राहून म्हणत होती, माझं नाव लिहा, पूर्ण लिहा. ज्या गावात बाया असं म्हणतात, त्या गावच्या ठाणेदाराला बदलीची भीती बाळगण्याचा अधिकारच उरत नाही.